घरच्या घरी खरे बोला: नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शक

प्रवेशपात्रता

तीस दिवसांत इंग्रजी बोलायला शिकवणारी पुस्तकं बाजारात मिळतात. बोन्साय, वास्तुशास्त्र, शेअर बाजार, साठ प्रकारच्या चटण्या, सगळ्यांची मिळतात. खरं बोलायला शिकवणारं मिळत नाही, कारण ते आपल्याला येतं अशी प्रत्येकाची खात्री असते. येत नाही ते शेजाऱ्याला. हे मार्गदर्शक त्या शेजाऱ्यासाठीच आहे. तुम्ही आपलं सहज चाळताय, हे आम्ही धरून चालतो.

साहित्य फार लागत नाही. एक तोंड, शक्यतो स्वतःचं.

वयाची अट मात्र आहे. 1969च्या शपथ अधिनियमात एक गोड तरतूद आहे. साक्षीदार बारा वर्षांच्या आतला असेल, खरं बोलायचं असतं एवढं त्याला कळत असेल, पण शपथ ही काय भानगड आहे ते कळत नसेल, तर त्याला शपथ न देताही त्याची साक्ष घेता येते. म्हणजे आपलं वय बाराच्या आत असेल तर हे पान उलटावं आणि खेळायला जावं. शिकवणी लागते ती पुढच्या मंडळींना. त्यांना शपथ कळते.

पाठ पहिला: स्पष्टवक्ता होऊ नये

नवशिका सगळ्यात आधी इथे घसरतो. आजपासून खरं बोलायचं असं एकदा ठरलं, की पहिलं खरं तो दुसऱ्याबद्दल बोलून मोकळा होतो. लग्नाचा हॉल, अक्षता अजून हातातच, आणि मावशी म्हणते, "अगं, किती सुटलीस!" लगोलग खुलासाही येतो: "मी बाई तोंडावर बोलते. माझ्या पोटात एक, ओठांत एक नसतं." हे वाक्य तोंडपाठ असलेलं माणूस प्रत्येक घराण्यात किमान एक असतं आणि जेवणाच्या पंगतीत ते नेमकं आपल्या शेजारी येतं.

कसोटी सोपी आहे. हे जे खरं बोललं गेलं, त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटलं? मावशी बोलली आणि बिल भाचीने भरलं. मावशीचं विधान खरं होतं यात वाद नाही. भाची सुटली आहेच. पण खरं विधान वेगळं आणि खरेपणा वेगळा. याच मावशीला तिच्या मुलाबद्दल विचारून पाहा. "आहे ऑस्ट्रेलियात, फार मोठ्या पोस्टवर." कुठल्या? "ते आपल्याला कळत नाही बाई." इथे ओठांतलं पोटात परत जातं.

ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या चौथ्या भागात खरेपणाला सद्गुणांच्या रांगेत जागा दिली. देताना एक गोष्ट केली, जी आपल्याकडे कोणी करत नाही. करारमदार, व्यवहार यांतलं खरंखोटं त्याने बाजूला काढलं. ते न्यायाचं खातं आहे म्हणाला. इथे त्याने पाहिलं ते एवढंच, की काही पणाला लागलेलं नसताना माणूस स्वतःबद्दल काय सांगतो. एका टोकाला बढाईखोर. दुसऱ्या टोकाला असलेलं नाकारणारा. मध्ये तो, जो आहे तेवढं सांगतो. पुढे ॲरिस्टॉटल असंही म्हणतो की स्पार्टाच्या लोकांसारखे मुद्दाम साधे कपडे घालून फिरणं हीसुद्धा बढाईच.

हे वाचल्यावर मला आपला मराठी मध्यमवर्ग आठवतो. "आमचं काय, साधं राहणं," असं म्हणणाऱ्याच्या खादीच्या झब्ब्याची किंमत विचारू नये. "गरिबाच्या घरी या एकदा," असं आमंत्रण देणाऱ्याला पत्ता विचारला की तो घर नंबर सांगत नाही, बंगल्याचं नाव सांगतो. बढाईखोर निदान ऐकू येतो आणि आपण सावध होतो. साधेपणाची बढाई मात्र ऐकणाऱ्याकडून वर कौतुकही वसूल करते.

स्वाध्याय: आठवडाभर फक्त स्वतःबद्दल खरं बोला. कोणी कौतुकाने विचारलं, "तुम्हीच केलंत का हे?" तर ज्याने केलं त्याचं नाव सांगा. "अमुक कादंबरी वाचलीत का?" या प्रश्नाला "वाचलीय, पण परत एकदा वाचायला हवी" असं उत्तर देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याऐवजी "नाही" म्हणून पाहा. सुरुवातीला घसा दुखतो.

पाठ दुसरा: शेंगा

एक ऑगस्ट जवळ आला की महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून पगडी घातलेली, काजळाची मिशी काढलेली मुलं मंचावर चढतात आणि मास्तरांना ठणकावून सांगतात की आपण शेंगा खाल्लेल्या नाहीत, त्यामुळे टरफलं उचलणार नाही. टाळ्या पडतात. बाळ गंगाधर टिळकांची ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातलं मोठं भोक आपल्याला दिसेनासं झालंय.

टरफलं जमिनीवर होती. म्हणजे शेंगा कोणीतरी खाल्ल्या होत्या. त्या मुलांचं पुढे काय झालं? बहुधा त्यांनी मुकाट्याने टरफलं उचलली, मोठी झाली, नोकरीला लागली आणि आपापल्या पोरांना टिळकांची गोष्ट सांगू लागली. आपण सगळे त्यांचे वंशज.

टिळकांच्या वाक्याला धैर्य लागतं, हे मान्य; छडीवाल्या मास्तरांपुढे उभं राहून ते म्हणायचं होतं. पण ते निर्दोष माणसाचं खरं आहे. नवशिक्याने पाठ करायचं वाक्य दुसरंच: "मी खाल्ल्या." या वाक्यावर अजून कुठल्याही वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळालेली नाही.

त्याचा नमुना हवा असेल तर टिळकांनंतरच्या माणसाकडे जावं लागतं. मोहनदास गांधी पंधरा वर्षांचे होते. भावावर पंचवीसेक रुपयांचं कर्ज झालं होतं, ते फेडायला त्यांनी भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. कर्ज फिटलं, मन फिटलं नाही. वडील आजारी, अंथरुणाला खिळलेले. तोंडाने सांगायची हिंमत होईना म्हणून चिठ्ठी लिहिली आणि हातात दिली. चिठ्ठीत कबुली होती, शिक्षेची मागणी होती, पुन्हा असं करणार नाही हे होतं, आणि माझ्या अपराधाबद्दल तुम्ही स्वतःला क्लेश करून घेऊ नका अशी विनंती होती. वडिलांनी उठून बसून ती वाचली. डोळ्यांतून पाणी आलं. चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले.

नवशिक्यांनी यातलं तंत्र पाहावं. एक, तोंडी जमत नसेल तर लेखी चालतं. दोन, आत्मचरित्रात गांधींनी या चिठ्ठीचा जो मजकूर सांगितला आहे त्यात कर्ज मुळात भावाचं होतं ही सबब कुठे नाही. आपण असतो तर चिठ्ठीची सुरुवातच तिथून झाली असती. "माझं चुकलंच, पण" असा प्रारंभ करणाऱ्यांनी "पण"पाशी थांबून खाली सही करावी. पुढचा मजकूर निकालात धरला जात नाही.

पाठ तिसरा: हत्ती

आता थोडा वरच्या इयत्तेचा भाग. एकही खोटा शब्द न उच्चारता खोटं कसं बोलावं?

याचे आद्य प्राध्यापक धर्मराज. कुरुक्षेत्रावर द्रोणाचार्य आवरेनात तेव्हा भीमाने अश्वत्थामा नावाचा एक हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला म्हणून आरोळी ठोकली. द्रोणांनी भीमावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, कारण युधिष्ठिर खोटं बोलत नाही हे जगजाहीर होतं. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचं मोठ्याने सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख पुटपुटला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं, पुढचं धृष्टद्युम्नाने केलं. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला.

इथे बारकाईने बघा. भीमाचं खोटं कोणाला लागलंच नाही, कारण भीमाची पत नव्हती. आयुष्यभर खरं बोलून साठवलेली पत युधिष्ठिराने एका वाक्यात खर्च केली, म्हणून ते लागलं. उत्तम खोटं बोलायला आधी वर्षानुवर्षं खरं बोलावं लागतं, हे या शास्त्रातलं एक अडचणीचं सत्य आहे. व्यासांनीही ते विसरू दिलं नाही. द्रोणपर्व सातवं, अठराव्या पर्वात, सगळं संपल्यावर, स्वर्गाच्या दारात गेलेल्या धर्मराजाला नरक पाहून यावा लागतो आणि कारण म्हणून हाच प्रसंग सांगितला जातो. पुटपुटलेल्या एका शब्दाचा हिशेब अकरा पर्वं थांबला होता.

न्यायालयाच्या शपथेत तीन अटी असतात: खरं सांगेन, संपूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. (हिंदी सिनेमात साक्षीदार गीतेवर हात ठेवतो ते सोडून द्या. गंगाजल आणि कुराण यांवर शपथ घ्यायला लावण्याची पद्धत आपल्याकडे 1840च्या कायद्यानेच बंद झाली. सिनेमावाल्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.) धर्मराज पहिल्या अटीत उत्तीर्ण, दुसऱ्या अटीत नापास. तिखटमीठ लावून सांगणारे तिसरीत नापास. आपल्यापैकी बहुतेकांची एटीकेटी दुसऱ्या अटीत राहते. साहेबांना "फाइल पुढे गेली आहे" म्हणायचं आणि ती आपल्याच टेबलावर दोन इंच पुढे सरकली आहे हे पुटपुटायचं. घरून अजून निघालेलोच नसताना "निघालोच" म्हणायचं. यातला "च" हा आपला हत्ती. आणि कसलीही खातरजमा न करता दीडशे जणांच्या ग्रुपवर औषध, भविष्य, दंगल काहीही ढकलून खाली "जसे आले तसे" लिहायचं.

या शेवटच्या मंडळींसाठी एक जोडटीप. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात समाज काढला, तो सत्यशोधक. सत्य आधी शोधावं लागतं, म्हणजे पोथीत लिहिलंय किंवा भटजींनी सांगितलंय एवढ्यावर थांबायचं नाही, हे त्यात गृहीत होतं. मनात कपट नव्हतं ही सबब ग्रुपवरचे काका प्रामाणिकपणे देतात आणि ती खरीही असते. पण शोधायचे कष्ट त्यांनी वाचवले आणि बिल दीडशे जणांत वाटलं.

पाठ चौथा: राजकारणातलं सत्य

हा पाठ जागेअभावी वगळला आहे.

शुद्धिपत्र: जागा होती.

पाठ पाचवा: दारात मारेकरी उभा असल्यास

नेहमी खरंच बोलायचं का, हा प्रश्न नवशिके पहिल्याच दिवशी विचारतात; आशेने विचारतात. उत्तराला दोन जुने साक्षीदार आहेत.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कायम खरं बोलायचं असं कौशिकाचं व्रत होतं. लुटारूंच्या भयाने काही माणसं रानात लपली. लुटारूंनी येऊन कौशिकाला विचारलं. त्याने बोट दाखवलं. माणसं मारली गेली, व्रत शाबूत राहिलं, आणि कौशिक नरकात गेला. दुसरा साक्षीदार इमॅन्युएल काँट. 1797मध्ये बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाला उत्तर देताना त्याने लिहिलं की मारेकरी दारात येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राबद्दल विचारत असेल तरी खोटं बोलायचा तुम्हाला हक्क नाही. वर असा युक्तिवाद, की तुम्ही तो घरात नाही म्हणालात, दरम्यान मित्र खरोखरच गुपचूप बाहेर निसटलेला असला आणि नेमका मारेकऱ्याच्या तावडीत सापडला, तर जबाबदारी तुमची! काँट अविवाहित होता. घरात दुसरं कोणी असतं तर हा युक्तिवाद छापायला गेला नसता.

मी कृष्णाच्या बाजूने. कौशिकाने दुसऱ्यांच्या प्राणांवर स्वतःचं व्रत चालवलं. बिल रानात लपलेल्यांनी भरलं. हाच प्रश्न राजा हरिश्चंद्राला विचारायला आपण कचरतो. स्वप्नातल्या वचनासाठी राज्य दिलं, ठीक. राज्य त्याचं होतं. दक्षिणेसाठी विकली गेली ती तारामती, आणि बरोबर रोहिदास. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला साडी नेसवली होती. निदान पडद्यावर तरी तिचा भार एका पुरुषाने उचलला.

तुमच्या दारात मारेकरी येण्याची शक्यता तशी कमी. गॅसवाला येईल, वर्गणीवाले येतील. "साहेब घरात नाहीत," असं मुलाला सांगायला लावताना काँट किंवा कृष्ण, दोघांपैकी कोणाचाही आधार घेऊ नये.

पाठ सहावा: मन राखणे

खरं बोलावं, प्रिय बोलावं, पण खरं असलं तरी अप्रिय ते बोलू नये, असा सल्ला मनुस्मृतीत आहे. (प्रिय असलं तरी खोटं बोलू नये, हेही लगेच पुढे आहे. ते उद्धृत करायला लोक विसरतात.) या अर्ध्या सल्ल्यावर मराठी समाजाने एक अजोड वाक्य घडवलं: "पत्रिका जुळत नाही."

स्थळ नाकारायचं आहे. मुलीचा रंग, वडिलांची परिस्थिती, मुलाला दुसरीच कोणी आवडते, कारण काहीही असो, निरोप एकच. कोणाचा अपमान नाही, कोणाचा दोष नाही. असलाच तर गुरूचा, शनीचा. ग्रह अब्रुनुकसानीचा दावा लावत नाहीत. ज्यांचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही अशी डॉक्टर, इंजिनिअर घरंही हा निरोप बिनदिक्कत पाठवतात, आणि समोरच्यांनाही तो न दुखावणारा नकार म्हणून कळतो. सभ्यतेचा नमुना म्हणून मीही याचं कौतुक करत असे.

आता बिल पाहा. असे चार-पाच निरोप आले की एखाद्या घरात कोणीतरी ते वाक्य अक्षरशः खरं धरतं. बहुधा आईच. मुलीची पत्रिका घेऊन ती ज्योतिषाकडे जाते. मंगळ निघतो, शोधला की मंगळ निघतोच. शांत करायची ठरते. गुरुजींची दक्षिणा, पूजेचं साहित्य, दानाची यादी, जमल्यास त्र्यंबकेश्वरची फेरी. पाच घरांनी मन राखायला जे म्हटलं त्याची पावती या घरात रोख पैशांत फाटते, आणि ज्या मुलीत काही उणं नव्हतं ती आपल्यातच काहीतरी उणं आहे असं मानू लागते. "मुलाची तयारी नाही" हे तीन शब्द तेवढेच सभ्य आहेत. बिल मुलाच्या नावावर फाटतं, म्हणून ते कोणी म्हणत नाही.

दुसरं ठिकाण हॉस्पिटलचा कॉरिडॉर. आत वडील, बाहेर मुलगा आणि डॉक्टर. "त्यांना सांगू नका हं. खचतील." इथे थट्टा थोडी आवरती घेतो, कारण हे म्हणणाऱ्याच्या पोटात खरोखर माया असते. पण वडिलांना वाचता येतं. वॉर्डाच्या दारावर काय लिहिलंय ते त्यांनी आल्या दिवशीच वाचलेलं असतं. मग मुलाला बरं वाटावं म्हणून तेही न कळल्याचं नाटक करतात. बायको "अल्सर आहे" म्हणते, ते "हो, तिखट बंद करू" म्हणतात. सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे, धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे, बँकेतलं एक खातं कोणाला माहीत नाही. हे सगळं बोलायचं असतं, आणि अल्सर झालेल्या माणसाला ते बोलता येत नाही. सगळ्यांचं मन राखून होतं, आणि बिल ज्याच्याकडे दिवस सगळ्यात थोडे आहेत त्याच्या नावावर जातं.

म्हणजे जाऊन थाडकन सांगावं का? पाठ पहिल्यातली मावशी तसं करील. या एका बाबतीत खरं सांगण्याचं अस्सल मार्गदर्शक उपलब्ध आहे, आमच्यासारखं लुटुपुटुचं नाही. 2000 साली कर्करोगतज्ज्ञांसाठी 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. पहिली पायरी, एकांत बघा आणि खाली बसा. दुसरी, पेशंटला आत्तापर्यंत काय समजलंय ते त्यालाच विचारा. तिसरी, त्याला किती जाणून घ्यायचंय ते विचारा. बातमी येते चौथ्या पायरीवर. उरलेल्या दोन त्याला सावरायला आणि पुढचं ठरवायला. सहांतल्या तीन पायऱ्या तोंड उघडून माहिती देण्याआधीच्या आहेत! "मला काही सांगू नका, मुलाशी बोला," असं पेशंट म्हणाला तर तेही त्याचंच उत्तर. ते मुलाने परस्पर द्यायचं नसतं.

शंकासमाधान

प्र. शेजाऱ्याने पार्किंगमध्ये बेकायदा खोली काढली आहे. हे शंभर टक्के खरं आहे. नोटीसबोर्डावर लावू का?
उ. फौजदारी बदनामीच्या कायद्यात नुसतं खरं असणं पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचं आहे हेही दाखवावं लागतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 पाहावं. तिथे बहुधा लोकहित निघेल. मग स्वतःची बंद केलेली बाल्कनीही त्याच नोटिशीत नमूद करावी.

प्र. पोहे खारट झालेत. सांगू का?
उ. कोणी केलेत?

प्र. मीच.
उ. मग सांगा.

प्र. कोर्टात खोटं बोललं तर काय होतं?
उ. न्यायालयीन कामकाजात खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "होऊ शकते" हे शब्द सावकाश वाचावेत.

प्र. अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळतं का?
उ. मिळतं. पूर्वी यावर राजपत्रित अधिकाऱ्याचा 'सत्यप्रत' असा शिक्का लागला असता आणि त्यांना गाठायला तीन हेलपाटे पडले असते. आता सरकार स्वसाक्षांकन चालवून घेतं, आम्हीही घेतो. मजकूर स्वतः लिहावा, खाली स्वतः सही करावी. पडताळणीसाठी मूळ प्रत सोबत आणावी.